न दिलेला राजीनामा

१

राजीनामा अगदी रीतसर नोंदवलेला होता. सरकारी पोर्टलवर नाव बरोबर, पासपोर्टचा नंबर बरोबर, आणि 'मी ही नोकरी सोडत आहे' या वाक्यापुढे हिरवी खूण. घोटाळा एवढाच होता, की ज्या बाईच्या नावाने तो नोंदवला होता ती काकूंसमोर खुर्चीच्या कडेवर बसून सांगत होती, की हे मी केलेलं नाही.

काकू विद्यापीठाचा परदेशी संशोधक कक्ष सांभाळायच्या. कक्ष आपला म्हणायला. प्रत्यक्षात ती जिन्याखालची तिरक्या छताची खोली होती. उंच माणूस आला की आधी डोकं आपटून घ्यायचा आणि मग अडचण सांगायचा. सगळे त्यांना काकूच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे प्राध्यापकसुद्धा, आणि काकूंना ते आवडत नाही हे कुणाच्या गावीही नव्हतं.

समोरची बाई पिकांवर करपा पाडणाऱ्या बुरशीवर संशोधन करायची. दुसऱ्या विद्यापीठाने तिला बोलावलं होतं, आणि तिथे तिला स्वतःची लॅब मिळणार होती. पण ती, तिचा नवरा आणि दुसरीतली मुलगी, तिघांचंही या देशातलं राहणं तिच्या इथल्या नोकरीला बांधलेलं होतं. नोकरी बदलायची तर परवाना बदलायला हवा, आणि जुनी नोकरी चालू असेपर्यंतच नवा परवाना मागता येतो. म्हणून काकूंनी तिला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, की नवा परवाना हातात पडेपर्यंत राजीनाम्याचं नावही काढायचं नाही. तिने ते पाळलंही होतं. तरी आज तिचा नवा अर्ज परत आला होता. तुम्ही नोकरी सोडलेली आहे, महिनाअखेर तुमचा परवाना संपतो, सबब इथल्या इथे बदल करून मिळणार नाही.

दुसरा काही रस्ता असेल ना, असं तिने विचारलं. काकूंनी रस्ते सांगितले, कारण खोटा धीर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मायदेशी परत जाऊन नवा व्हिसा मागता येतो, पण त्याला कित्येक महिने लागतात आणि नवं विद्यापीठ तेवढं थांबणार नाही. नोकरी शोधायला म्हणून मुदत वाढवून मिळते, पण तेवढ्या काळात काम करायला बंदी, म्हणजे ताट समोर वाढलेलं आणि जेवायचं मात्र नाही. उरला नवऱ्याच्या व्हिसावर राहायचा मार्ग.

"तोच माझ्या व्हिसावर आहे," ती म्हणाली आणि तिला हसू आलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले. मुलीला वर्गात आत्ता कुठे एक मैत्रीण मिळाली होती, आणि हे सगळं सोडायला लावून तिला उचलून न्यायचं कसं, असं ती म्हणाली.

काकूंनी तिला रडू दिलं, पण फार वेळ नाही. मग त्यांनी पर्स काखेला मारली.

"हे बघ, कोणीतरी मुद्दाम पाचर मारलीये. ती मारणारा सापडला तरच ती निघेल. ऊठ."

२

इमिग्रेशनच्या खिडकीपलीकडचा अधिकारी काकूंना चांगला ओळखत होता, आणि त्यामुळेच त्यांना पाहून त्याचा चेहरा पडला. त्याने संगणकात बघून सांगितलं, की नोंद बाईंच्याच खात्यातून झाली आहे. मंगळवारी, दुपारच्या जेवणाच्या जरा आधी. बाईंच्याच मोबाईलवर ओटीपी गेला आहे. पहिल्या वेळी आकडे टाकायला उशीर झाला म्हणून तो बाद झाला, दुसऱ्यांदा मागवला, तो लागला. झालं.

काकू म्हणाल्या, की त्या वेळी फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल तर. अधिकारी म्हणाला, की असेलही, पण तसं म्हणणारे त्याच्याकडे रोज येतात. ज्याने केलं त्याने इथे येऊन स्वतः सांगितलं तर नोंद रद्द होईल, परवाना पूर्ववत होईल. नाहीतर काकूंनी कितीही खडसावलं तरी त्याचे हात बांधलेले आहेत.

माणूस वाईट नव्हता. बाहेर पडल्यावर काकूंनी बाईला एकच प्रश्न विचारला. मंगळवारी त्या वेळी तुझा फोन कुठे होता?

"लॅबमध्ये, टेबलावर. मी हूडमध्ये होते."

"आणि फोनचा पासवर्ड?"

"तो सगळ्यांना माहीत आहे," ती अगदी सहज म्हणाली.

काकू चालता चालता थबकल्या.

३

लॅबमध्ये गेल्यावर काकूंना ते समजलं. हूड म्हणजे पुढून अर्धी उघडी अशी मोठी काचेची पेटी. आतला पंखा गाळलेली हवा सोडत राहतो, आणि संशोधक तिच्यासमोर बसून, हातमोजे घालून, आत बुरशीच्या डिश उघडून बुरशी एका डिशमधून दुसरीत लावतात. एकदा हात आत गेले की काम संपेपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. बाहेरच्या कशालाही हात लागला तर हवेतली भलतीच बुरशी आत शिरते आणि महिन्यांची मेहनत पाण्यात जाते. त्यामुळे या लॅबची वेगळीच रीत पडून गेली होती. हात आत असताना कुणाचा फोन वाजला, तर ज्याचे हात मोकळे असतील तो उचलायचा, निरोप वाचून दाखवायचा, उत्तरही टाइप करायचा. घरच्यांचे निरोप, बँकेचे आकडे, सगळं. एकमेकांचे पासवर्ड एकमेकांना तोंडपाठ होते, आणि यात काही वावगं आहे असं त्यांच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ज्या माणसांनी बुरशीचा एक कण इकडचा तिकडे जाऊ दिला नसता, त्यांनी अख्खं आयुष्य असं टेबलावर उघडं टाकलं होतं.

काकूंना राग आला, पण बाईचा चेहरा पाहून त्यांनी तो गिळला.

खोलीत दोन हूड होते, शेजारी शेजारी, मध्ये पत्र्याची उभी आडभिंत. दोन्ही भिंतीकडे तोंड करून. टेबल आणि संगणक मागे, पाठीशी. पोर्टल त्या संगणकावर उघडंच असायचं, कारण नवा अर्ज ती तिथेच भरत होती. मंगळवारी ती सकाळपासून एका हूडपाशी होती आणि जेवायच्या वेळेपर्यंत उठली नव्हती. दुसऱ्या हूडवर तिचा सहकारी होता. मधे एकदा लॅबचे प्रमुख, म्हणजे सर, डोकावून गेले होते. आणि नवरा तिला डबा द्यायला आला होता, पण बाहेरच्यांना आत सोडत नाहीत म्हणून काचेबाहेर उभा होता.

"बस्स, एवढेच तिघे?" काकूंनी विचारलं.

"तिघंही माझेच आहेत," ती म्हणाली. "म्हणूनच माझं डोकं चालत नाहीये."

४

सरांपासून सुरुवात करणं भाग होतं, कारण पहिला संशय त्यांच्यावरच येत होता. बाई गेली की तिच्या नावावर मंजूर झालेला प्रकल्प आणि त्याचा निधीही तिच्याबरोबर जाणार होता. सर उंचेपुरे आणि अघळपघळ. त्यांच्या मापाचा एप्रन मिळत नसे, आणि मिळालेल्याची बटणं पोटावर लागत नसत. काकूंनी आडवळण न घेता विचारलं, की ती गेलेली तुम्हाला नकोच आहे ना.

सरांनी ते कबूलही करून टाकलं. नकोच आहे, म्हणाले. पण मग त्यांनीच काकूंना उलट विचारलं.

"तिच्या नव्या अर्जाला माझं ना-हरकत पत्र लागत होतं. मला तिचं घोडं अडवायचंच असतं, तर मी नुसता सही न करता बसलो असतो. मी सही केली. मग चोरून फोनला हात कशाला लावू?"

मुद्दा बिनतोड होता. ज्याच्या हातात दाराची किल्ली आहे तो खिडकीतून कशाला चढेल, असं काकूंनी मनाशी म्हटलं. जाता जाता त्यांनी विचारलं, की प्रकल्प गेला तर आणखी कुणाचं काय जाईल. सर जरा घुटमळले. मग म्हणाले, की बारक्याची जागा जाईल. त्याचा पगार त्याच निधीतून होतो, आणि हे त्यांनी त्याच्या कानावर घातलं आहे.

बारक्या म्हणजे शेजारच्या हूडवरचा तो सहकारी. अंगाने किडकिडीत, बाईच्याच उंचीचा, मान खाली घालून काम करणारा आणि सगळ्यांच्या मदतीला धावणारा. तोही परदेशीच. बाईला पोर्टल कसं वापरायचं ते यानेच शिकवलं होतं. काकू आल्या तेव्हा त्याने आपली खुर्ची त्यांना दिली, स्वतः उभा राहिला, आणि झालं ते फार वाईट झालं असं तीनतीनदा म्हणाला. मंगळवारचं विचारल्यावर त्याने काहीही आढेवेढे घेतले नाहीत. सबंध वेळ तो आपल्या हूडवर होता, त्याचेही हात आत होते.

"फोन दोनदा थरथरला तिचा," तो म्हणाला. "मला वाटलं, नवऱ्याचा निरोप असेल. पण माझेच हात अडकलेले, मी कसा उठणार?"

बाईनेही त्याला दुजोरा दिला. दोन्ही पंखे चालू होते का ते तिला छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं, आडभिंतीपलीकडचं दिसतही नाही. पण बारक्या तिथेच होता, त्या सकाळी त्याच्याकडून एक डिश मागून घेतल्याचंही तिला आठवत होतं.

म्हणजे सरांना गरज नव्हती, बारक्याचे हात मोकळे नव्हते, आणि नवरा आतच आलेला नव्हता. मग फोन कुणी उचलला?

५

नवऱ्याला भेटायला काकू त्यांच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर, आणि दारातच त्यांची नजर बांधून ठेवलेल्या खोक्यांवर पडली. एकात मुलीची पुस्तकं, दुसऱ्यात थंडीचे कपडे. परवान्याचा निकाल लागायच्या आधीच या गृहस्थाने आवराआवर सुरू केली होती. पाणी कुठेतरी मुरतंय असं काकूंना वाटलं. त्यांनी बाईला स्वयंपाकघरात पाठवलं आणि नवऱ्याला समोर बसवलं.

तो ताकास तूर लागू देईना. डबा द्यायला गेलो, काचेतून पाहिलं, परत आलो, एवढंच पालुपद. काकूंनी विचारलं, की काय पाहिलं. काकूंनी आवाज चढवला नाही, पण उठल्याही नाहीत. शेवटी तो बोलला तेव्हा इतक्या हळू बोलला, की काकूंना पुढे वाकावं लागलं.

त्याने बायकोला पाहिलं होतं. टेबलापाशी उभी, काचेकडे तिरकी पाठ, एप्रन, डोक्यावर टोपी, हातात तिचाच फोन. फोनच्या मागे मुलीने चिकटवलेलं कासवाचं चित्र होतं, म्हणून ओळखला. ती फोनमध्ये बघून संगणकावर काही टाइप करत होती. त्याने काचेवर टकटक केलं, हात हलवला. तिने अर्धवट मान वळवून पाहिलं, तोंडावर मास्क होता, आणि पुन्हा पाठ फिरवली. हूडवर पाठमोरं बसलेलं माणूस म्हणजे बारक्या, असं त्याने धरून टाकलं. आदल्या रात्रीच त्यांचं भांडण झालं होतं. नव्या गावी, नव्या घरी परत पहिल्यापासून सुरुवात करायचा त्याला कंटाळा आला होता, आणि तो तसं बोलून गेला होता. म्हणून पोर्टलवरची वेळ ऐकल्यावर त्याला वाटलं, की तिनेच रागाच्या भरात सगळ्यावर पाणी सोडलं, आणि आता तिला ते कबूल करता येत नाहीये. तिला तोंडघशी पाडायचं नाही म्हणून तो मूग गिळून बसला होता, आणि निमूट खोकी भरत होता.

स्वयंपाकघराच्या दारात बाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मी?" ती म्हणाली. "तुला वाटलं, मी?"

काकूंनी दोघांना हाताने थांबवलं. तुमचं भांडण तुम्ही मागाहून सावकाश करा, असं त्यांनी सांगितलं, आणि नवऱ्याला विचारलं, की टाइप करणाऱ्या हातांत मोजे होते का. तो आठवू लागला. नव्हते. बोटं दिसत होती.

मोजे काढून बाई हूडवरून उठलीच नव्हती. सरांच्या मागे तर हा सबंध संगणक झाकला गेला असता, आणि कुठल्याही एप्रनमध्ये त्यांना कुणी बायको समजलं नसतं. काकूंना आता नाव कळलं होतं. पण ते नाव धारण करणारा माणूस ठामपणे सांगत होता, की त्याचे हात हूडमध्ये होते, आणि खुद्द बाईची त्याला साक्ष होती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू लॅबमध्ये हजर झाल्या आणि बारक्याला म्हणाल्या, की मला हे काम एकदा करून दाखव, अहवालात लिहायचंय. तो खुशीने तयार झाला. त्याने हात धुतले, मोजे चढवले, हूडचा पंखा सुरू केला आणि बसला. पंख्याची घरघर सुरू झाली तशी काकूंना कानाशी वाकून बोलावं लागलं. त्याने एक डिश उघडली, बुरशीचा कण उचलला, दुसरीत लावला. हात खरोखर सुंदर चालत होता. काकूंनी आपला फोन मागच्या टेबलावर ठेवला, बाईचा असायचा तिथेच, आणि त्याच्या मागे उभ्या राहिल्या.

काम संपल्यावर त्यांनी पंखा बंद करायला सांगितला. खोली एकदम शांत झाली.

"माझा फोन वाजला का रे मघाशी?"

"नाही काकू."

"तीनदा थरथरला. बाहेरून तिलाच करायला सांगितलं होतं."

बारक्या हसला, पण ते हसू ओठावरच राहिलं. काकूंनी खुर्ची ओढून त्याच्यासमोर घेतली आणि शांतपणे, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. हूडवर बसलेल्याला टेबलावरचा फोन ऐकू येत नाही. तिला मंगळवारी आला नाही, तुला आज आला नाही. त्या दिवशी मात्र तुला आला. म्हणजे तू हूडवर नव्हतास, टेबलापाशी होतास. आणि तो दोनदा थरथरला, हेही तू बरोबर सांगितलंस. ओटीपी दोनदा आला होता, हे इमिग्रेशनच्या माणसाने मला सांगितलं, पण आम्ही दोघींनी ते इथे कुणाजवळ काढलेलं नाही. मेसेज तर तू पुसून टाकलेस.

हातातले मोजे त्याने सावकाश काढले, नेहमीच्या सवयीने उलटे करून, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग त्याने सांगितलं. ती गेली की निधी जातो, निधी गेला की त्याची नोकरी जाते, आणि नोकरी गेली की तोही जातो. तिकडे त्याच्या पगारावर आई आणि दोन धाकट्या बहिणी. ती इथून थेट देशाबाहेर गेली तर प्रकल्प सरांकडे राहील आणि कुणीतरी चालवायला हवा म्हणून त्याला ठेवतील, असा त्याचा हिशोब होता. ती हुशार आहे, तिला कुठेही नोकरी मिळेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

"तुझ्यासाठीही मार्ग होता," काकू म्हणाल्या. "प्रकल्प अर्ध्यात बंद पडला तर परदेशी संशोधकाला दुसरी जागा शोधायला वेळ मिळतो, पगारासकट. विद्यापीठाचाच नियम आहे तो. माझ्याकडे का नाही आलास?"

"तुम्हाला विचारलं की माझं नाव तुमच्या संगणकात जाणार," तो म्हणाला. "मग इमिग्रेशनला कळणार."

काकूंना हे लागलं. चोरी पकडल्याचं समाधान एका क्षणात विरून गेलं. इतकी वर्षं त्या जिन्याखाली बसून लोकांची घोडी गंगेत न्हाऊ घालत होत्या, आणि त्यांच्या दाराला भिऊन एक पोरगा चोर झाला होता. पण म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत.

"चल," त्या म्हणाल्या. "हे सगळं खिडकीवर सांगायचं. तुझ्या तोंडाने."

७

खिडकीवर बारक्याने सांगितलं. एकदा अडखळला, आईचं नाव निघालं तिथे, पण सगळं सांगितलं. सर आले होते, नवरा आला होता, आणि बाई खिडकीच्या सर्वांत जवळ उभी होती, जणू कुणी मधे आलं तर ती ढकलून देणार होती. अधिकाऱ्याने ऐकून घेतलं, दोन ठिकाणी फोन केले, आणि मग तिच्याकडे वळून म्हणाला, की तुमची राजीनाम्याची नोंद रद्द होते आहे. परवाना पूर्ववत. नवा अर्ज आजच पुन्हा घेतो.

तिने खिडकीची कड घट्ट धरली. नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिने तो राहू दिला.

मग अधिकाऱ्याने विचारलं, की तुम्हाला पोलिसांत तक्रार करायची आहे का. केली तर या गृहस्थांचा परवाना तडकाफडकी रद्द होईल. नाही केली तर विद्यापीठ काय शिक्षा देईल ती देईल, आणि त्यांना दुसरी जागा शोधायची मुभा राहील. सगळे तिच्याकडे बघू लागले. काकूंच्या ओठावर काहीतरी आलं होतं, पण हे तिचंच आहे हे ओळखून त्यांनी ते मागे घेतलं.

मग ती बारक्याकडे वळली.

"मी तुला माफ केलेलं नाही, आणि बहुधा कधी करणारही नाही. माझ्या लेकीला तू हलवणार होतास." ती म्हणाली. "पण हे घर आपलं राहणार की नाही, ही धास्ती काय असते ते मी या दिवसांत पाहिलंय. ती मी उचलून दुसऱ्या कुणाला देणार नाही. तक्रार नाही करायची."

बारक्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सर दुसरीकडे बघू लागले. अधिकाऱ्याने मान हलवली आणि पुढच्या माणसाचा नंबर पुकारला.

पायऱ्या उतरताना नवरा म्हणाला, की संध्याकाळी ती खोकी सोडतो. ती चालत राहिली. फाटकापाशी पोहोचल्यावर तिने त्याला सांगितलं, की खोकी लागणारच आहेत, पण नव्या गावाला जायला. आणि यापुढे माझ्याबद्दल काही वाटलं तर आधी मला विचारायचं. तो हो म्हणाला. शाळा सुटायची वेळ झाली होती, म्हणून दोघं तिकडे वळली. काकू मात्र मागे फिरल्या, कारण बारक्या अजून पायऱ्यांवरच बसला होता आणि त्याच्यासाठीही एक अर्ज करायला हवा होता.